‘आयटीचा खर्च सरसकट 20 टक्के कापा’: हा सल्ला कुठे चुकतो

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या उद्योजकांमध्ये एक मेसेज फिरतोय: पैशाची ओढाताण असेल तर आयटीचा खर्च सरसकट 20 टक्के कापा, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) बंद करा, जुने कॉम्प्युटर आणखी दोन वर्षं चालवा, सर्व्हर विकून सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर टाका.

‘सरसकट’ हीच पहिली चूक. इंटरनेट, ईआरपीचं (हिशेब-साठा-ऑर्डर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स हे पैसे कराराने आधीच बांधलेले असतात. मग कात्री चालते ती बॅकअप आणि बॅटरीवर. त्यापेक्षा प्रत्येक खर्चापुढे लिहा: हे बंद पडलं तर माल किती तासांत अडतो? वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल आयआरएनशिवाय (जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून मिळणाऱ्या नंबराशिवाय) ग्राह्य नाही. म्हणजे बिलिंगचा कॉम्प्युटर, त्याचं नेट आणि बॅकअप आधी. वेबसाइटची रंगरंगोटी शेवटी.

एएमसी तोडायची नाही, छाटायची. प्रिंटर आणि पडून असलेली मशीन वगळा. सर्व्हर, फायरवॉल (नेटवरून होणारी घुसखोरी अडवणारं यंत्र), यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारं यंत्र) ठेवा. विशेषतः यूपीएस. त्याच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर मोजलेलं असतं आणि दर 10 अंशांमागे ते साधारण निम्मं होतं. नागपूरचा मे महिना 45 अंशांचा, त्यात यूपीएस जिन्याखाली कोंडलेला! फेब्रुवारीतच कामाची वेळ संपल्यावर, डेटा सेव्ह करून, मेन्स बंद करा आणि खऱ्या लोडवर 10 मिनिटं चालवून प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज टिपा. एखादीच झपाट्याने उतरत असेल आणि संच जुना असेल, तर पूर्ण संच बदला. जुन्यांच्या जोडीला बसवलेली नवी बॅटरीही लवकर मरते. हे टाळलं तर वीज जाताच सर्व्हर धाडकन बंद पडतो आणि डेटाबेस खराब होऊ शकतो.

जुन्या कॉम्प्युटरबद्दलचा सल्ला अर्धा बरोबर आहे. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून बँक आणि जीएसटीचं लॉगिन होणारी मशीन आधी बदला. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनची बहुतेक मशीन एसएसडी आणि 8 जीबी रॅमवर विंडोज 11 नीट चालवतात. तिथे नवं घेणं ही उधळपट्टी आहे. सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग यंत्राला) जोडलेला जुना कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडून ठेवा.

क्लाउडने खर्च संपत नाही, दरमहा येतो. दुसरी इंटरनेट लाइन लागतेच. रात्री सर्व्हर बंद ठेवला तरी स्टोरेजचं बिल चालू राहतं. शिवाय प्रायव्हेट लिमिटेडला हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. क्लाउडचा रीजन, म्हणजे सर्व्हर कुठल्या देशात असेल ते, निवडताना तेवढं बघा.

कापायचंच असेल तर पगारपत्रक आणि ईमेल-लायसन्सची यादी शेजारी ठेवा. सोडून गेलेल्यांची खाती डेटा काढून घेऊन बंद करा.