‘नाटक शिकून पोट भरत नाही, केमिस्ट्री घ्या’ : फिरणाऱ्या निरोपाला उत्तर

कॉलेज-प्रवेशाचे दिवस आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा : अभिनय रक्तातच असावा लागतो, तो कॉलेजात शिकवता येत नाही. मनोरंजनाच्या क्षेत्रात हजारात एखादा वर येतो, बाकीचे उपाशी. केमिस्ट्रीची पदवी घेतली की नोकरी ठरलेली. आणि कला काय, रविवारीही करता येते. शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’ हे आलंच. मी शिकलो केमिस्ट्री आणि पोट भरतो रंगभूषेवर, त्यामुळे हा निरोप मला दोन्हीकडच्या मंडळींकडून येतो. एकदा उत्तर देऊन टाकतो.

रक्ताचा मुद्दा आधी. उपजत गुण लागतो, मान्य. पण माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला घसा शाबूत ठेवायचा, हे श्वासाचं तंत्र आहे. रंगमंचावर कोसळायचं आणि गुडघा फुटू द्यायचा नाही, हेही तंत्रच. पन्नासाव्या प्रयोगालाही त्याच वाक्यावर, त्याच जागी, प्रकाशाच्या त्याच झोतात उभं राहायचं, ही सवय तालमीतच लागते. लंडनची ‘राडा’ ही नाट्यशिक्षण संस्था १९०४ पासून हेच शिकवते आहे. टायट्रेशनला, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजमाप करायला, लागणारा हातही कुणी जन्मतः घेऊन येत नाही. तिथे मात्र ‘रक्तात असावं लागतं’ असं कुणी म्हणत नाही.

‘हजारात एखादा’ हा हिशेब फक्त पडद्यावरचे चेहरे मोजतो. चित्रपट संपल्यावर वर सरकणारी नावं कधी पूर्ण वाचली आहेत? ध्वनी, संकलन, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना, निर्मिती-व्यवस्था. नाटकात विंगेतला रंगमंच-व्यवस्थापक इशारा देत नाही तोवर ब्लॅकआऊटसुद्धा होत नाही. रंगभूमीच्या अनेक अभ्यासक्रमांत ही कामं शिकवली जातात, निरोप लिहिणाऱ्याने ती यादी पाहिलेली दिसत नाही. मात्र एका बाबतीत तो बरोबर आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही : मिळकत बेभरवशाची असते. कंत्राट संपतं, पुढचं कधी येईल ठाऊक नसतं. ज्याला दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे हवेत त्याने हे आधीच ऐकलेलं बरं.

केमिस्ट्रीच्या ‘ठरलेल्या’ नोकरीबद्दल फार बोलत नाही. नुसत्या पदवीवर बहुधा नमुने तपासण्याचं काम मिळतं. संशोधनात शिरायचं तर पुढची आणखी काही वर्षं मोजावी लागतात. मला खटकतं ते वेगळंच. या निरोपात केमिस्ट्री एका टोकाला आणि रंगमंच दुसऱ्या टोकाला ठेवला आहे. आता ‘लाइमलाइट’ हा शब्दच घ्या. लाइम म्हणजे चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत कळीचा चुना तापवला की झगझगीत पांढरा प्रकाश पडतो. १८३७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात नटांवर हाच प्रकाश टाकला होता. विजेचे दिवे आले, चुना गेला, शब्द राहिला.

केमिस्ट्रीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं तेही पाहा. १९३८ मध्ये ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या हॉलिवूडपटाच्या चित्रीकरणात पत्र्याच्या माणसाचं काम करणाऱ्या बडी एब्सनच्या चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची पूड लावत. ती श्वासातून फुप्फुसांत गेली, तो रुग्णालयात पोहोचला आणि भूमिका हातची गेली. त्याच्या जागी आलेल्या जॅक हेलीला तेच ॲल्युमिनियम लेपात कालवून लावलं. धातू बदलला नाही, फक्त तो हवेत उडायचा थांबला!

माझी फजिती त्यामानाने किरकोळ. सुरुवातीच्या दिवसांत जखमेचा मुखवटा करायला सिलिकोन ओतलं. रात्र उलटली तरी चिकटच. साचा धुतला, पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. शेवटी डोक्यात प्रकाश पडला : हातात लॅटेक्सचे मोजे होते. त्या रबरातलं गंधक सिलिकोन घट्ट करणाऱ्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला निकामी करतं, मग ते सिलिकोन घट्ट होतच नाही. उत्प्रेरकाचं विष हा धडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. कळला त्या चिकट साच्यापाशी.

राहिली ‘रविवारची कला’. याला उदाहरण म्हणून अलेक्झांडर बोरोदिनचं नाव पुढे केलं जातं, आणि ते खरंच भारी आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये रसायनशास्त्राचा प्राध्यापक, अल्डिहाइड नावाच्या सेंद्रिय संयुगांवर महत्त्वाचं काम, शिवाय नावाजलेला संगीतकार. पण पुढचं कुणी सांगत नाही. ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा त्याने १८६९ मध्ये हाती घेतला. प्रयोगशाळा, व्याख्यानं, बैठका यांतून वेळ मिळेल तसा तो लिहीत राहिला. १८८७ मध्ये तो वारला तेव्हा, अठरा वर्षांनंतरही, ऑपेरा अपुराच होता. तो पूर्ण केला रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी, आणि त्या दोघांचा पूर्णवेळ धंदा संगीत हाच होता.