नॅनो संशोधनाच्या अनुदानाला ‘प्रक्रिया शुल्क’ नसते

नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाचीने परवा मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, आज शेवटची तारीख आहे, भरू का?’ संदेशाच्या माथ्यावर राजमुद्रा, तळाशी क्यूआर कोड आणि मधे चार दावे होते: नॅनो मिशन या अतिसूक्ष्म कणांच्या (नॅनो) संशोधनासाठीच्या केंद्राच्या योजनेचे एक हजार कोटी वाटायचे आहेत, साडेचार हजार रुपये प्रक्रिया शुल्क भरल्यास पन्नास लाख थेट संशोधकाच्या खात्यात जमा होतात, संशोधन प्रस्ताव लागत नाही, आणि एरवी हा पैसा फक्त आयआयटीवाल्यांनाच मिळतो.

एक हजार कोटींचा आकडा खरा आहे, पण तो 2007 साली पाच वर्षांसाठी मंजूर झालेला आहे. प्रस्तावाशिवाय अनुदान मिळते, या दाव्यावर शब्द खर्च करण्याची गरज नाही.

संताप येतो तो शुल्काच्या आणि खात्याच्या दाव्याचा. संशोधनाला पैसा देणारा केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग असो किंवा 2023 च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान असो, प्रस्ताव त्यांच्या संकेतस्थळावर विनाशुल्क भरायचा असतो आणि त्याला संस्थाप्रमुखाचे संमतिपत्र जोडावे लागते. प्रकल्पाचे अनुदान संशोधकाच्या बचत खात्यात नव्हे, तर संस्थेच्या नावे येते. केंद्राचे 2017 चे सर्वसाधारण वित्तीय नियम कोणीही उघडून पाहावेत. नियम 238 प्रमाणे अनुदान घेणाऱ्या संस्थेला 12-अ या नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते, आणि अनुदानावर मिळालेले व्याजसुद्धा भारताच्या संचित निधीत परत भरावे लागते. जिथे व्याजाच्या रुपयाचाही हिशेब द्यावा लागतो, तिथे पन्नास लाख कोणाच्या खासगी खात्यात पडतील, हे एका प्राध्यापिकेला क्षणभर तरी शक्य वाटावे, याचे मला फार वाईट वाटले.

आयआयटीबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. यंत्रे मोठ्या संस्थांकडे असतात, त्यामुळे प्रस्तावही त्यांचेच भक्कम ठरतात. पण राज्य विद्यापीठे व त्यांच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांसाठी ‘शुअर’ नावाची स्वतंत्र योजना या प्रतिष्ठानाआधीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने काढली होती, हेही संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते. शिवाय नॅनोकण पाहण्यासाठी लागणारा महागडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विकत घेण्याची गरजच नसते. कोणत्या संस्थेत कोणते यंत्र बाहेरच्यांना वापरता येते हे आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर शोधता येते, आणि नमुने तपासण्याचा खर्च प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच मागता येतो.

भाचीचे काम द्राक्षावरील केवडा रोग झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांनी रोखता येईल का, याबद्दलचे आहे. निफाड-दिंडोरीच्या बागाइतदाराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तिने पैसे भरले नाहीत. पानांच्या नमुन्यांची वही आणि प्रस्तावाचा कच्चा मसुदा घेऊन सोमवारी ती प्राचार्यांकडे संमतिपत्र मागायला जाणार आहे.