संबोधनाच्या रकान्यातली रेघ

परवा शेजारचा मुलगा व्याकरणाची वही घेऊन आला. सहावीत आहे, मराठीचा पेपर म्हटलं की त्याचं पोट दुखतं. विभक्तीचा तक्ता पाठ करायचा होता म्हणून मी समोर बसले आणि त्याची गाडी सुरू झाली, स ला ते, ने ए शी, ऊन हून, चा ची चे, त ई आ, आणि शेवटी संबोधनावर येऊन अडकला. "मावशी, इथे एकवचनात नुसती रेघ आहे. काय म्हणायचं?" मी म्हटलं काही नाही म्हणायचं, पुढचं नो म्हण. "रेघ, नो" असं म्हणून बाईंनी सांगितलेलं झालं एकदाचं अशा चेहऱ्याने त्याने वही मिटली. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून त्याच्या आईचा आवाज, "सोन्याऽऽ, जेवायला ये रे!" हा ढिम्म. मग अर्ध्या मिनिटाने तोच आवाज, "अरे गाढवा, किती हाका मारायच्या!" पळाला.

मी वही हातात घेऊन बसले आणि मला हसूच यायला लागलं, कारण वहीत जिथे रेघ होती तिथे त्या बाईने अर्ध्या मिनिटात दोन उदाहरणं भरून दाखवली होती, एक लाडाचं आणि एक रागाचं.

तर आजची पोस्ट या रेघेवर. लांब आहे, चहा घेऊन बसा.

तक्ता खोटं बोलत नाही तसं म्हटलं तर. एकवचनात वेगळा प्रत्यय नाही, सामान्यरूपच (प्रत्यय लागताना शब्द जसा बदलतो ते रूप) हाकेला वापरतात, देव चं देवा, मित्र चं मित्रा, मुलगा चं मुला. पण "प्रत्यय नाही" म्हणजे "काहीच होत नाही" असं पोरांच्या डोक्यात जातं आणि तिथेच घोळ होतो. मराठीतली सगळी जान त्या रेघेत आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नो मध्ये काय आहे? नो म्हणजे भाषण. "मित्रांनो" म्हटलं की समोर माईक आलाच, आणि आता तर प्रत्येक व्हिडिओ "नमस्कार मित्रांनो"ने सुरू होतो मग तो भेंडीच्या भाजीचा असो नाहीतर म्युच्युअल फंडाचा. (जाता जाता, मराठीत मित्रांनो वर अनुस्वार आहे आणि हिंदीत भाइयो, बहनो, मित्रो वर नाही. आपल्याकडची मंडळी मराठीतला खातात आणि हिंदीतला फुकट देतात.)

एकवचनातली हाक मात्र माणूस कुणाला मारतो ते बघा. देवाला, जिवलगाला, आणि ज्याला शिवी द्यायची त्याला. तिन्ही ठिकाणी रूप तेच. विठ्ठला, पांडुरंगा. राजा, सख्या, बाळा, चिमण्या. मेल्या, गधड्या, मूर्खा, दीडशहाण्या. देवघरातलं, अंगणातलं आणि भांडणातलं व्याकरण एकच आहे, मधे कुठे दार लावलेलं नाही. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी घ्या, आद्या, वेदप्रतिपाद्या, स्वसंवेद्या, आत्मरूपा, नुसत्या हाका आहेत हो, एका श्वासात चार. १२९० सालची गोष्ट. आणि त्याच रूपात माझी आजी मांजराला "मेल्या, दुधात तोंड घातलंस?" म्हणायची.

माणसांच्या नावांवरून मात्र हे रूप उडत चाललंय, आणि ते कसं उडालं हे बघायचं असेल तर राम घ्या. देवळातला राम असेल तर आपण रामाने, रामाला, रामाचा असंच म्हणतो आणि हाक मारताना "रामा". पण ऑफिसातला राम असेल तर? "रामने मेल केला", "रामला सांग", आणि हाक "ए राम". देवाचं सामान्यरूप होतं, शेजाऱ्याचं होत नाही! रोहन, अथर्व, आरव यांना कुणी रोहना, अथर्वा म्हणून जेवायला बोलावतं का? म्हणून बघा, पोरगं वळून बघणार नाही, आरती सुरू झाली असं वाटेल त्याला. आपण नावांना लॅमिनेशन करून टाकलंय, आत पाणी शिरायला नको.

पण आता गंमत. नावाला जे होत नाही ते नात्याच्या शब्दांना अजून होतं आणि जोरात होतं. कोल्हापूरची पोरं एकमेकांना "भावा" म्हणतात ना, ते शंभर नंबरी संबोधन आहे, भाऊ चं भावा, भावाने भावाला मधलं. विदर्भात गेलात की भाऊ तसाच राहतो, "काय भाऊ", "अबे". इकडे मर्दा, गड्या, लेका. मालवणात झील म्हणजे मुलगा आणि हाक मारताना "झिला". पोरीला "गो बायो". घाटावर तिलाच "अगं बये". मला कुणी डोळे बांधून एस्टीत बसवलं तरी खाली उतरल्यावर दोन बायका एकमेकींना कशा हाका मारतात त्यावरून मी जिल्हा सांगेन, गं आहे का गो आहे का वं आहे.

आणि दुखलं की? "आई गं." घाबरलो की? "बाप रे." आईला गं, बापाला रे, दोघंही तिथे नसतात, कित्येकदा या जगातही नसतात, तरी पायाला ठेच लागल्यावर पहिली हाक तिलाच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. बायकांच्या हाकेला मराठीत चक्क वेगळं रूप आहे आणि तक्त्यात ते नाही! पुरुषांचं बघा, प्रकाशचा पक्या झाला की "पक्या आला" आणि "ए पक्या" दोन्हीकडे पक्याच. पण सुमन ची सुमी झाली की "सुमी आली" पण हाक मारताना "ए सुमे!" मंदी आली, "मंदे!" शांती आली, "शांते!" ई चा ए होतो. घरातली कार्टी, तिला "कार्टे". भवानी देवळात असते पण पोरीवर ओरडताना "ए भवाने". चिमणी, "ये गं चिमणे". गावाकडे मावशीची "मावशे" आणि आईची "आये" होते. आता सीते, राधे, दुर्गे, अंबे हे संस्कृतातून आलंय हे सगळ्यांना माहीत आहे, आकारान्त नावाचं ए. पण सुमे आणि भवाने हे काही आरतीतून आलेलं नाही, ते विहिरीवरचं आणि चाळीतल्या नळावरचं आहे, आणि पुस्तकात मुलगी चं मुली एवढं देऊन मोकळे. कार्टे कुठाय? म्हातारे कुठाय? म्हणजे बोलणाऱ्या बायकांच्या तोंडात रोज जे रूप आहे तिथे रेघ मारून ठेवली. मी व्याकरणाची अभ्यासक नाही, बँकेत नोकरी केली जन्मभर, पण हे मला पटत नाही म्हणजे नाही.

विठोबाच्या आरतीत तर कमालच आहे. "येई हो विठ्ठले माझे माऊली ये." लहानपणी मला वाटायचं हे यमकासाठी ओढूनताणून केलंय. विठ्ठला म्हणायला काय हरकत होती? पण नाही, पुढे माऊली आहे ना, आई म्हणून बोलवायचंय, मग पुरुषाच्या नावाला बाईच्या हाकेचं रूप लावून टाकलं. कमरेवर हात ठेवलेल्या देवाचं लिंग एका ए ने बदललं आणि शेकडो वर्षं लोक टाळ्या वाजवत म्हणतायत, कुणाला खटकत नाही. आणि वारीत जा, सगळे एकमेकांना माऊली, बाप्या असो की बाई, "माऊली सरका जरा", "माऊली पाणी". तिथे रूपही बदलत नाही, माणूसच बदलतो.

आता कडू गोष्ट. हाक कुणाला कशी मारायची हे भाषेने कधीच मोकळं सोडलेलं नव्हतं. पाणिनीने संबोधनाला वेगळी विभक्ती दिलीच नाही, "संबोधने च" म्हणून प्रथमेत बसवलं, म्हणून संस्कृतात विभक्त्या सात आणि आपल्याकडे आठ. पण हाकेबद्दल त्याने बारीक विचार केलाय. "दूराद्धूते च" असं सूत्र आहे, लांबून हाक मारायची तर शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा लांबवा. सोन्याऽऽ मधले ते दोन ऽ म्हणजे तेच, गॅलरीतल्या बाईने पाणिनी वाचलेला नाही एवढंच. हे वाचलं तेव्हा मला इतकं भारी वाटलं. मग त्याच्या आधीचं सूत्र वाचलं. नमस्कार केलेल्याला उलट आशीर्वाद देताना त्याच्या नावाचा स्वर लांबवायचा, फक्त तो शूद्र नसेल तर. नंतर वार्तिकात, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पुरवणीत, त्या अपवादात बायकाही घातल्या. म्हणजे नाव प्रेमाने लांबवायचं की नाही ह्यावरही कुंपण!

आणि हे काय फक्त संस्कृतात? आमच्या गावात साठीच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांचा वाड्यातला पोरगा "ए म्हाद्या" म्हणायचा आणि म्हातारा त्याला "जी" म्हणायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. म्हाद्या चं महादू किंवा महादबा व्हायला त्याच्या मुलाला तलाठी व्हावं लागलं. त्यामुळे कुणी गण्या-म्हाद्या मध्ये नुसता गोडवा शोधायला लागलं की मी जरा थांबते. तेच रूप मित्राच्या तोंडी जीव लावतं आणि मालकाच्या तोंडी जागा दाखवतं. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं कुठलं कुठलंय ते.

अहो चं काय सांगू. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून हाकेलाच नाव करून टाकलं, आणि मग त्या हाकेला विभक्ती लागायला लागली, "अहोंना विचारते", "अहोंचा डबा". हाकेचं नाम झालं, नामाला प्रत्यय लागले, असं आणखी कुठे होतं का बघा. आता त्याच्या पुढे "अहोआई" पण आलीय, नवीन मुली सासूला म्हणतात, स्वतःच्या आईपासून वेगळी कळावी म्हणून. मला आधी हसू आलं होतं पण सोय आहे खरी.

उलट सोय नसलेली गोष्ट म्हणजे "प्रिय ग्राहक". बँकेत असताना अशी शेकडो पत्रं माझ्या हाताखालून गेली. प्रिय ग्राहक! प्रिय मित्रा म्हणतो तर प्रिय ग्राहका का नाही? मी एकदा मसुद्यात तसं केलं होतं तर साहेब म्हणाले, "मॅडम, हे नाटकातलं वाटतंय." बरोबरच होतं त्यांचं. कारण ग्राहका म्हटलं की खरंच कुणाला तरी हाक मारल्यासारखं होतं आणि पत्राला तेच तर नको असतं. स्टेशनवर पण बघा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे". प्रवाशांनो नाही. समोर उभ्या माणसाशी तो तिथे नसल्यासारखं बोलायचं, ही सरकारी मराठी.

माझी स्वतःची गोष्ट सांगते आणि थांबते. माझं नाव सुनीता, शाळेत सुनी, आणि हाक अर्थातच "सुने". ही हाक मारणारी आता एकच उरलीय, मंदी. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा घरात तो काळा चकतीवाला फोन, हॉलमध्ये, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी. मंदीला मिरजेहून एसटीडी लावायची म्हणजे बूथमध्ये समोर बिलाचा आकडा पळताना दिसायचा, त्यामुळे ती हॅलो-बिलो म्हणत नसे, पलीकडून उचलला की थेट सुरू. एके रात्री मी स्वयंपाकघरात, फोन सासूबाईंनी उचलला, आणि हिने तिकडून, "काय गं सुने, जिवंत आहेस का मेलीस?"

मला आतून एवढंच दिसलं की सासूबाई रिसीव्हर कानाला धरून बसल्यात आणि काही बोलत नाहीयेत. मी हात पुसत धावले, म्हटलं कुणी गेलं की काय. तर त्या हळूच म्हणाल्या, "तुझी मैत्रीण आहे." आणि रिसीव्हर देताना म्हणाल्या, "आमच्या सासूबाई गेल्यापासून मला कुणी सुने म्हटलं नव्हतं गं." त्यांना वाटलं होतं सून चं सुने. त्यांच्या सासूबाई जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती, आणि त्या बाई कडक होत्या, चांगलं काही ऐकलेलं नव्हतं मी त्यांच्याबद्दल.

मंदीला मी हे सांगितलं तर ती लाजेने अर्धी झाली, पुढच्या वेळी "नमस्कार काकू, सुनीता आहे का" असं शहाण्यासारखं बोलली. सासूबाईंनी फोन माझ्या हातात देत विचारलं, "हिला काय झालं आज?"

मग मी मंदीला परत आधीसारखं बोलायला सांगितलं. आणि त्यानंतर रविवारी रात्री नऊनंतर स्वस्त दरात फोन वाजला की मला कुणी उचलू देत नसे. त्या उचलायच्या, आणि हॅलो म्हणायच्या नाहीत. नुसत्या कानाला लावून बसायच्या.