घोड्याला शीळ, बैलाला काय?

शर्यत संपली की इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला काही घोडे एका वेगळ्या खोलीत नेतात. खाली स्वच्छ पेंढा, हातात लांब दांड्याचं भांडं घेतलेला माणूस, आणि तो हलकेच शीळ घालतो. घोडा मुतला की नमुन्याचे दोन भाग करून सील ठोकतात. घोड्याला काही उत्तेजक दिलंय का, यासाठी एकाची तपासणी होते, दुसरा वाद झाला तर. तबेल्यात काम करणाऱ्या शेजाऱ्याच्या ओळखीने मी हे एकदा पाहिलं आणि घरी येईपर्यंत हसत होतो.

घोड्याचं मूत गढूळ नि बुळबुळीत, त्यात चुन्याचा अंश भरपूर. ते आधी साफ करावं लागतं, मग यंत्र त्यातले रेणू वजनावरून ओळखतं. कॅफीन शरीरात मोडून थिओब्रोमिन हे तसंच उत्तेजक द्रव्यही तयार होतं, आणि ते कोकोच्या टरफलांच्या खाद्यातूनही येतं. म्हणून त्याला मर्यादा घातली आहे: मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम. त्यावर गेलं की घोडा बाद, मग घोडा कुणाचा का असेना. २०१४ मध्ये राणी एलिझाबेथची 'एस्टिमेट' ही घोडी ॲस्कॉट गोल्ड कपात दुसरी आली होती. मुतात मॉर्फिन सापडलं. दूषित खाद्यातून आलं, कुणी मुद्दाम दिलं नव्हतं, तरी तो क्रमांक गेला.

आमच्याकडे महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीवर २०१४ पासून वाद झाला तो 'बंदी की परवानगी' एवढाच. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, गुलाल उधळला, विषय संपला. मी परवानगीच्या बाजूचाच आहे. खेडकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे पळणारी घोडी बघत वाढलो. पण बारी, म्हणजे गाड्याची धाव, हरली की 'त्यांनी बैलाला काहीतरी पाजलंय' ही कुजबुज लहानपणापासून ऐकतोय. खरं की खोटं, कुणी बाटली पुढे केलेली मी पाहिली नाही. अशाने सरळ गाडामालकाचंही नाव खराब होतं. लाखांची बक्षिसं लावणाऱ्या समित्यांनी निदान पहिल्या नंबरच्या बैलांचं तरी मूत तपासावं.

पुतण्याला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाला, "काका, बैल मुतायची वाट बघत बसलो तर पुढची बारी सुटायची कधी?"

इथं कुणी वाट बघत नाही रे. घोडा खोलीत, शर्यत मैदानात. आणि मुतलाच नाही, तर रक्त काढतात.