कौले उतरवून स्लॅब घालण्याच्या सल्ल्यातील चुका

पावसाळा जवळ आला की गोव्यात एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. कौलारू छप्पर हा पोर्तुगीज काळाचा अवशेष आहे, ते गळते, तापते, दरवर्षी पैसे खाते आणि वादळात उडते. तेव्हा ते उतरवून स्लॅब घालावी आणि कायमचे निश्चिंत व्हावे, असे त्यात सांगितलेले असते. या सल्ल्यावर विसंबून चांगली घरे मोडली जात असल्याने त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पोर्तुगीज अवशेषाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. मंगळुरी कौले 1865 पासून मंगळूरमधील बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि त्याआधी येथील घरांवर अर्धगोल नळे, म्हणजे नळीच्या आकाराची मातीची कौले, होतेच.

गळतीचे खापर कौलावर फोडणे चुकीचे आहे. बहुतेक वेळा उतार कमी ठेवलेला असतो, एखादे कौल फुटलेले किंवा सरकलेले असते, नाहीतर दोन पाख्यांमधील (छपराच्या उतरत्या बाजूंमधील) पन्हळ पाचोळ्याने तुंबलेली असते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात 30 अंशांच्या आसपासचा उतार पाणी थांबूच देत नाही, आणि फुटलेले कौल तेवढेच बदलता येते. सपाट स्लॅबवर मात्र पाणी साचते, भेगांतून सळ्यांपर्यंत पोहोचते, दमट खाऱ्या हवेत सळ्या गंजून फुगतात आणि खालचे काँक्रीट पोपडे धरून सुटते. गावोगावी स्लॅबच्या घरांवर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढवलेले दिसते, ते बव्हंशी याच गळतीपायी.

तापण्याबाबत संदेशात अर्धेच सत्य आहे. खाली माळा किंवा लाकडी तक्तपोशी नसेल, तर एप्रिल-मेच्या दुपारी कौलांखाली उकडते. परंतु वर चढलेली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते आणि पातळ कौल सूर्य मावळल्यावर लवकर निवते, तर स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहते. उतरत्या स्लॅबवर शोभेसाठी सिमेंटने कौले चिकटवली, तर हा लाभ मिळत नाही.

देखभालीचा आक्षेप मात्र खरा आहे. दरवर्षी शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलांची डागडुजी आणि फेरमांडणी, करावी लागते, ती जाणणारे कामगार दुर्मिळ झाले आहेत, माकडे कौले फोडतात, कौलांखालच्या लाकडी वाशांना आणि रिपांना (पट्ट्यांना) वाळवी लागते आणि कौले काढून चोर आत शिरू शकतो. वादळाचेही तसेच आहे: मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात गोव्यातील अनेक छपरांचे नुकसान झाले. पागोळीकडच्या (खालच्या कडेच्या) आणि आढ्यावरच्या (माथ्यावरच्या) कौलांना तारेने किंवा खिळ्यांनी बांधून ठेवल्यास धोका घटतो, पूर्ण जात नाही. वरचा मजला चढवायचा असेल, तर स्लॅबला पर्याय नाही, हेही मान्य केले पाहिजे.

सर्वांत गंभीर बाब संदेशात कुठेही आलेली नाही. एका चौरस मीटरला साधारण 15 मंगळुरी कौले लागतात आणि त्यांचे वजन 40 किलोच्या आसपास भरते. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन तेवढ्याच जागेत सुमारे 250 किलो होते. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या चिऱ्यांच्या भिंती या भारासाठी उभारलेल्या नाहीत. त्यामुळे एकही कौल उतरवण्याआधी भिंती आणि पाया संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावा, आणि भार पेलण्याबाबत शंका असेल, तर वासे बदलून कौलारू छप्परच ठेवावे.