जुना ट्रक मधेच बंद पडला म्हणून लगेच पंप उतरवू नका

ट्रकमालकांच्या आणि चालकांच्या मोबाइलवर एक सल्ला बऱ्याच दिवसांपासून फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: जुना डिझेल ट्रक चालता चालता बंद पडत असेल आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होत असेल, तर फ्युएल पंप गरम होऊन धरतो आहे असे समजावे आणि तो उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे बेंचवर लावून डिझेलचे माप जुळवायला, द्यावा, खाली डिझेल गळत नसेल तर पाइपलाइन तपासण्यात वेळ घालवू नये, उन्हाळ्यात पाइपात डिझेलची वाफ होते, म्हणून पंपावर ओले फडके ठेवावे, मेकॅनिकल पंपाला वीज लागत नाही, तेव्हा वायरिंगकडे पाहू नये, आणि हल्लीच्या डिझेलात गंधक उरलेले नसल्याने वंगणासाठी टाकीत टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचे तेल, घालावे. या पाचही विधानांत सत्याचा एखादा कण आहे, आणि त्या कणामुळेच ती पटतात. माझ्या स्वतःच्या सहा सिलिंडरच्या ट्रकाचा पंप याच तर्काने दोनदा उतरवला गेला आणि दोन्ही वेळा दोष जिथल्या तिथे राहिला, म्हणून या विधानांचा एकेक करून विचार करणे मला आवश्यक वाटते. प्रश्न पैशांचाही आहेच, पण तेवढाच नाही. इंजिन बंद पडले की हवेच्या ब्रेकांचा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होते, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर ते दगडासारखे जड होते. खंबाटकीच्या चढावर मागे वाहनांची रांग असताना हे घडणे काय असते, ते ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

पहिले विधान पंप गरम होऊन धरण्याचे. येथे मी मुख्यतः इनलाइन पंपाविषयी बोलतो आहे, ज्याला मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले तरी बाजारात आजही मायको पंप म्हणतात. या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, असतो, आणि प्लंजर व तो ज्यात सरकतो ते बॅरल यांमधील फट दोन-तीन मायक्रॉन एवढीच असते. इतक्या बारीक फटीत प्लंजर अडकू शकतो हे खरे. परंतु एक प्लंजर अडकला तर त्याचा एकच सिलिंडर मार सोडेल, गाडी थरथरेल, काळा किंवा पांढरा धूर काढेल, पण सहाही सिलिंडर एकाच क्षणी गप्प होणार नाहीत. सहा प्लंजर एकदम अडकावेत आणि दहा मिनिटांनी सहाही एकदम सुटावेत, हे संभवत नाही. पंपाला इंजिनाशी जोडणारी कपलिंग तुटली तर गाडी थांबून पुन्हा सुरू होतच नाही. कंट्रोल रॅक, म्हणजे सगळ्या प्लंजरांचे डिझेल एकत्र कमी-जास्त करणारी दांडी, अडकण्याचा संभव उरतो, आणि तो जरूर तपासावा, पण त्यासाठी आख्खा पंप उतरवावा लागत नाही.

झिजलेल्या पंपाचे खरे लक्षण वेगळे आहे. डिझेल गरम झाले की पातळ होते आणि झिजलेल्या प्लंजरच्या कडेने जास्त निसटते. हे निसटणे सेल्फ मारताना, म्हणजे इंजिन अगदी हळू फिरत असताना, सर्वांत जास्त जाणवते; इंजिन वेगात फिरू लागले की त्याचा परिणाम कमी होतो. त्यामुळे पंप झिजलेला ट्रक सकाळी थंड असताना नीट सुरू होतो, दुपारी धाब्यावर बंद केला की पुन्हा सुरू व्हायला त्रास देतो, आणि गरम असताना आयडलवर डचमळतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेला ट्रक अचानक बंद पडणे आणि थोड्या वेळाने काही न करता सुरू होणे, हे त्या रोगाचे लक्षण नव्हे.

मग पंप उतरवल्यावर गाडी काही दिवस नीट का चालते? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो योग्य आहे. पंप उतरवून पुन्हा बसवताना पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टांचे तांब्याचे वायसर नवे पडतात, फिल्टर बदलला जातो, सगळ्या लाइनची हवा काढली जाते, सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर डिझेलची वाट उघडणाऱ्या भागाची, वायर सोडून पुन्हा घट्ट केली जाते, आणि बहुधा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाचे वॉल्वही धुतले जातात. म्हणजे पंपाच्या आजूबाजूच्या पाच-सहा संशयितांवर नकळत उपचार होतो आणि श्रेय मात्र कॅलिब्रेशनला मिळते.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते: डिझेल गळत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. इंजिन चालू असताना या भागातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथल्या सैल जोडातून डिझेल बाहेर येत नाही, तर हवा आत जाते. कोरडा, स्वच्छ दिसणारा जोडच हवा घेत असू शकतो. रबरी होज बाहेरून धड आणि आतून भेगाळलेला असू शकतो, आणि जुना वायसर पुन्हा वापरला असेल तर तो दाबला जाऊन कडक झालेला असतो. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि मुख्य पंपाकडे जाणाऱ्या बाजूला, दाब असतो. तिथली गळती मात्र ओली दिसते. हा फरक लक्षात आला की तपासणीची दिशाच बदलते.

तपासणीसाठी महागडे काही लागत नाही. फीड पंपाच्या अगोदर हातभर पारदर्शक पाइप जोडावा, तो एक्झॉस्टपासून दूर बांधावा आणि इंजिन चालू ठेवून पाहावे. मोठे, तुटक बुडबुडे येत असतील तर कुठूनतरी हवा शिरते आहे. साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे मात्र वेगळी गोष्ट सांगू शकतात: पुढे वाट तुंबलेली असेल तर ओढ वाढते आणि डिझेलात विरघळलेली हवाच बाहेर पडू लागते. दुसरी परीक्षा याहून निर्णायक आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन केबिनबाहेर सुरक्षित बांधून त्यातून नवा पाइप थेट फीड पंपाला द्यावा, उरलेले डिझेल परत आणणारा रिटर्न पाइपही त्याच कॅनमध्ये सोडावा, आणि जिथे गाडी हटकून बंद पडते त्या रस्त्यावर ती चालवावी. कॅनवर गाडी बंद पडली नाही, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान आहे, आणि मुख्य पंपाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

टाकीतला दोष दहा मिनिटांच्या कोड्याचे उत्तर सहज देतो. टाकीत पडलेला प्लॅस्टिकचा तुकडा, फडक्याची चिंधी किंवा गंजाची खपली ओढीमुळे सक्शन पाइपाच्या तोंडाशी येऊन चिकटते. इंजिन उपाशी राहून थांबते. ओढ संपली की तुकडा सुटून तरंगत दूर जातो, आणि गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. टाकीचे झाकण उघडे ठेवून पाइपातून उलटी हवा मारली तर वाट मोकळी होते, पण तुकडा टाकीतच राहतो, म्हणून टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. सक्शन पाइपाला वरच्या भागात चीर असेल तर टाकी भरलेली असताना ती डिझेलात बुडालेली राहते आणि काहीच होत नाही. पातळी चिरेखाली गेली की, किंवा चढावर डिझेल एका बाजूला सरकले की, हवा ओढली जाते.

टाकीच्या झाकणातल्या श्वासछिद्राचे वागणे नेमके याच्या उलट असते, आणि माझ्या ट्रकाचा दोष तोच निघाला. डिझेलचोरीमुळे मी बाजारातून कुलूपवाले घट्ट झाकण आणून बसवले होते. त्याच्या रबरी गॅस्केटमधून हवा आत जायला जागाच नव्हती. टाकी पूर्ण भरली की पुढच्या चाळीस-पन्नास किलोमीटरांत गाडी बंद पडायची, म्हणून आम्ही डिझेल भेसळीचे असावे असे धरून चाललो आणि भरण्याची ठिकाणे बदलत राहिलो. हिशेब मात्र साधा आहे. २०० लिटरच्या टाकीत वर २० लिटर हवा असेल आणि १० लिटर डिझेल खर्च झाले, तर ती हवा ३० लिटर जागेत पसरते आणि तिचा दाब एक-तृतीयांशाने घटतो. तीच टाकी अर्ध्याहून रिकामी, म्हणजे वर १२० लिटर हवा असताना, तेवढेच डिझेल खर्च झाले तर दाब जेमतेम आठ टक्क्यांनी कमी होतो. लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या गाडीसाठी १० लिटर म्हणजे ४० किलोमीटर. मग फुल टाकीवर बंद पडणारी आणि अर्ध्या टाकीवर बिनतक्रार चालणारी गाडी झाकणाकडेच बोट दाखवत होती. ते पाहायला मला दोन हंगाम लागले. गाडी बंद पडताक्षणी, दहा मिनिटे न थांबता, झाकण उघडावे. फुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली की निदान झाले.

ऊस वाहणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दल येथे एक वेगळी नोंद करतो, कारण गाळप संपल्यावर त्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत उभ्या असतात. अर्धी टाकी ठेवून उभ्या केलेल्या गाडीत पावसाळ्याची दमट हवा आत येते, पाणी टाकीच्या भिंतींवर साचून तळाशी उतरते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या थरावर सूक्ष्मजीव वाढून बुळबुळीत गाळ तयार होतो. तो हलतो पहिल्या खेपेला, भरलेल्या गाडीला खड्डा लागल्यावर. हंगामाआधी टाकीचा आणि वॉटर सेपरेटरचा ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत नमुना घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते टाळल्यामुळे कारखान्याच्या रांगेत रात्र काढलेले चालक मी पाहिले आहेत.

वाफेच्या विधानावर फार लिहिण्याची गरज नाही. पेट्रोल साधारण ३५-४० अंश सेल्सिअसला उकळू लागते, म्हणून जुन्या पेट्रोल गाड्यांत ओल्या फडक्याचा उपाय खरोखर चालत असे. डिझेलचे उकळणे साधारण १६० अंशांच्या पुढे सुरू होते. विदर्भाच्या मे महिन्यातही फीड लाइन त्याच्या जवळपास जात नाही. ओल्या फडक्याने झिजलेल्या रोटरी पंपाची, म्हणजे एकाच फिरत्या रोटरने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणाऱ्या पंपाची, एखादी गाडी सुरू होते, ती आतले डिझेल पुन्हा घट्ट झाल्यामुळे. मात्र तापलेल्या रोटरी पंपावर गार पाणी ओतू नये. त्यातला रोटर जाम होऊ शकतो.

चौथे विधान, वायरिंग पाहू नये हे, अर्धेच खरे आहे. केबल ओढून बंद करायच्या ट्रकांना ते लागू पडते. चावीने बंद होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मात्र पंपावर सोलेनॉइड असतो, आणि त्याला वीज मिळत असेल तोवरच डिझेलची वाट उघडी राहते. वायरच्या टोकाचे सैल थिंबल, झिजलेला इग्निशन स्विच किंवा गंजलेले अर्थिंग यांपैकी काहीही क्षणभर सुटले तर इंजिन थांबते. शिवाय सोलेनॉइडची कॉइल गरम झाल्यावर आतून तुटून थंड झाल्यावर पुन्हा जुळू शकते, आणि तेव्हा पंप गरम होऊन धरल्याचा हुबेहूब भास होतो. म्हणून चालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: गाडी कशी बंद पडली? चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प झाली, तर विजेकडे पाहावे. आधी दम सोडला, झटके मारले, वेग वरखाली झाला आणि मग थांबली, तर डिझेलच्या वाटेकडे पाहावे. शंका उरली तर सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून वायर आणून केबिनमध्ये छोटा टेस्ट लॅम्प लावावा. इंजिन बंद पडताना दिवा विझला की स्विच व वायरिंग, दिवा जळत राहिला की कॉइल, अर्थिंग किंवा डिझेल. संगणकाने डिझेल सोडणाऱ्या नव्या कॉमन रेल गाड्यांमध्ये याच जागी क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरचा, विचार करावा लागतो, आणि स्कॅनरवर कोड आला नाही एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही.

गंधकाबद्दलच्या विधानातली आकडेवारी खरी आहे. भारत स्टेज या प्रदूषण मानकांपैकी बीएस-३ च्या डिझेलात दशलक्ष भागांत ३५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलात १०. परंतु वंगणाचे काम गंधक करत नव्हते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इतर काही घटकही निघून जातात, त्यांची भरपाई अ‍ॅडिटिव्हने केली जाते, आणि डिझेलच्या आयएस १४६० या भारतीय मानकात वंगणक्षमतेची मर्यादा घालून दिलेली आहे. ती कमी पडली तरी परिणाम हजारो किलोमीटरांच्या झिजेत दिसेल, दहा मिनिटांच्या लपंडावात नाही. डिझेल बदलल्याचा एक परिणाम जुन्या गाड्यांवर होऊ शकतो: वर्षानुवर्षे जुन्या डिझेलात फुगलेले रबरी सील नव्या डिझेलात आकसतात आणि हवा घेऊ लागतात. त्यावर उपाय टू-टी ऑइल नाही, नवे सील आहे.

एवढे सगळे तपासूनही पंपावरच संशय राहिला, तर तो जरूर उतरवावा, पण पंपवाल्याला गाडी कशी बंद पडते, गरम असताना सुरू व्हायला किती वेळ लागतो, कॅनवर चालवून काय दिसले आणि दिवा जळत होता की नव्हता, हे कागदावर लिहून पंपासोबत द्यावे. बेंचवर फिरणारा पंप यांपैकी एकही गोष्ट स्वतःहून सांगत नाही.