लिबर्टी जहाजं बायकांच्या वेल्डिंगमुळे तुटली नाहीत

परत तोच फॉरवर्ड फिरतोय, आता आमच्या फॅमिली ग्रुपवर पण आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पुरुष लढायला गेले, गोदीत बायकांच्या हाती वेल्डिंग दिलं, म्हणून लिबर्टी जहाजं (युद्धासाठी झपाट्याने बांधलेली मालवाहू जहाजं) मधोमध तुटली, आणि युद्ध संपताच बायका खुशीने घरी परतल्या. सोबत दंड दाखवणाऱ्या बाईचं पोस्टर.

पोस्टरचं आधी उरकू. ते १९४३ मध्ये वेस्टिंगहाऊस या अमेरिकन कंपनीने स्वतःच्या कारखान्यांसाठी काढलेलं, जहाजांशी संबंध नाही.

दुसरं, गोदीत बहुतेक कामगार तेव्हाही पुरुषच होते, आणि त्यातलेही कितीतरी जण पहिल्यांदाच वेल्डिंग शिकत होते. काही जोड कच्चे निघाले हे खरंय, पण ते फक्त बायकांचेच होते हे कुठून आणलं?

आता मुख्य मुद्दा, तुटण्याचा. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर (लिबर्टी नव्हे, पण तसंच वेल्ड केलेलं) शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना मोठा आवाज होऊन दुभंगलं, ना वादळ ना टॉर्पेडो. आधी संशय वेल्डिंगवरच गेला. पण केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी पोलादच तपासलं आणि दिसलं की त्या काळचं ते पोलाद एका ठराविक तापमानाखाली गेलं की ठिसूळ होतं, वाकायच्या ऐवजी काचेसारखं तडकतं. त्यात लिबर्टी जहाजांच्या हॅचचे (माल उतरवायच्या डेकवरच्या चौकोनी तोंडांचे) कोपरे काटकोनी, सगळा ताण तिथेच येऊन साचायचा, तडा तिथून सुरू व्हायचा आणि अख्खं जहाज वेल्ड केलेलं, मध्ये रिवेटचा (ठोकून बसवलेल्या खिळ्यांचा) सांधा नाही, म्हणून तो अडायचा नाही, एका पत्र्यातून दुसऱ्यात सरळ धावत जायचा. मग कोपऱ्यांना गोलाई दिली, तडा अडवायला पट्ट्या रिवेट केल्या. पोलाद निवडणं आणि हॅचची डिझाईन यातलं काहीच वेल्डरच्या हातात नव्हतं, आणि हे कोडं सोडवलं तेही एका बाईनेच. एकूण २,७१० लिबर्टी जहाजं बांधली गेली, आणि बहुतेक न तुटता चालली.

आणि खुशीने परतल्या? युद्धाच्या शेवटी अमेरिकन सरकारच्या महिला विभागाने दहा औद्योगिक भागांत विचारलं, तर कामावरच्या चारपैकी तीन बायकांना पुढेही नोकरी हवी होती. जहाजं बांधणाऱ्या कैसर कंपनीच्या पोर्टलंडमधल्या गोद्यांजवळ चोवीस तास चालणारी पाळणाघरं होती, तीही १९४५ मध्ये बंद झाली, आणि ऑर्डरी संपल्यावर बायकांना कामावरून काढलं गेलं.